केवळाअक्काचं शहामृग

अक्का,

तुझ्या मातीला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर एवढी येऊ नयेत असंच आत कुठंतरी वाटत होतं. वरच्या वाडीत चपला ठेवायला जागा उरली नव्हती. चारठाण्याहून तुझ्याबरोबर इमूच्या शेतावर कामाला असलेल्या बाया टेम्पो करून आल्या. जिंतूरच्या बाजारात तुझ्याकडून बकरं घेणारा खाटीक आला, तो मागं लिंबाखाली उभा राहून रुमालानं तोंड पुसत होता. मी तुझा सख्खा भाऊ, सगळ्यांच्या पुढं उभा, आणि माझे डोळे कोरडे. मनात एकच चाललं होतं, की मी गेल्यावर ह्यातले किती येतील. तीस वर्षं मास्तरकी केली, अर्ध्या तालुक्याला नकाशा वाचायला शिकवला. तरी एवढे येणार नाहीत हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं.

हे मी तुला जिवंतपणी कधीच सांगितलं नसतं. आता सांगतोय, कारण आता तू मधेच काहीतरी बोलून मला गप्प करू शकत नाहीस.

आपण दोघं एकाच शाळेत होतो, हे आता गावात कुणाला आठवत नाही. तू चौथीत, मी दुसरीत. माझ्या वर्गाचे पाढे मी पाठ करायच्या आधी तू म्हणून दाखवायचीस. मग आपल्या वडिलांचा पाय मोडला, मेंढरामागं माणूस पाहिजे झालं आणि तू शाळा सोडलीस. तुझ्या दहाव्याला आलेले कीर्तनकार बुवा म्हणाले की ह्या माऊलीनं भावाच्या शिक्षणापायी स्वतःची पाटी फोडली. मी मान हलवली. पण तसं नव्हतं, हे तुला आणि मलाच माहीत. तुला शाळेचा कंटाळा आला होता. रोज रानात जायला मिळणार म्हणून तू आठ दिवस खुशीत होतीस. मी खिडकीतून तुझी मेंढरं ओढ्याकडं उतरताना बघायचो आणि मला रडू यायचं. ते बहिणीच्या कष्टाचं रडू नव्हतं. तुला मिळालं आणि मला नाही, ह्याचं ते रडू होतं.

सुटीत मी तुझ्याबरोबर यायचो. एकदा तू माझा दंड धरून मला जागच्या जागी थांबवलंस. माझ्या पावलापुढं वीतभर अंतरावर उघड्या मुरमाडात टिटवीची चार अंडी होती, खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची. मला ती तू बोट दाखवूनही दिसेनात. तू हसली नाहीस, माझं डोकं धरून खाली वाकवलंस. त्या दिवसापासून मला तुझ्या डोळ्यांचा हेवा वाटत आला. आज माझं वय साठीला टेकलंय, तो काही कमी झाला नाही.

पुढं तुझं लग्न वरच्या वाडीत झालं आणि मला नोकरी खालच्या गावच्या शाळेत मिळाली. मधे फक्त ओढा. मी भूगोल शिकवायला लागल्यावर तू मला दिगू म्हणायचं सोडून गुरुजी म्हणायला लागलीस. त्यात कौतुक होतं की चेष्टा, हे मी कधी विचारलं नाही. दाजी आणि तू दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचात. दाजी गेले आणि ते थांबलं, कारण तोडीला जोडीच लागते. तेव्हाच मानवतच्या एका व्यापाऱ्यानं जिंतूर रस्त्याला इमू पाळायला सुरुवात केली होती. तू सकाळी मेंढरं तुझ्या लेकीवर, रुख्मिणवर सोपवून तिथं रोजानं जायला लागलीस.

माझ्या आयुष्यातली ती मोठी संधी होती, असं मला वाटलं. जे पक्षी मी वीस वर्षं भिंतीवरच्या तक्त्यात दाखवत आलो, त्यांचा एक भाऊबंद आपल्या शिवारात आला होता. मी सातवीचा वर्ग घेऊन आलो. जाळीपुढं नकाशा टांगला. इमू ऑस्ट्रेलियाचा, शहामृग आफ्रिकेचं, रिया दक्षिण अमेरिकेतला, कॅसोवरी न्यू गिनीच्या जंगलातला, किवी न्यूझीलंडचा. सगळे न उडणारे, सगळे दक्षिणेकडचे. मग मी माझा आवडता भाग सांगितला, की फार पूर्वी हे सगळे खंड एकत्र चिकटलेले होते, नंतर जमीन फुटली आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्या पक्ष्याचा एकेक वंशज निघून गेला. दरवर्षी इथं पोरं डोळे मोठे करतात. त्या दिवशी एकाही पोराचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तू आत पाण्याचं घमेलं भरत होतीस आणि सहा फुटी इमू तुझ्या पदराला चोच लावत तुझ्यामागं फिरत होता.

तू हात पुसत जाळीपाशी आलीस आणि विचारलंस, "गुरुजी, तवा आपली जमीन कुठं होती?"

"आपलीही त्यातच होती," मी म्हणालो.

"मग आपला पक्षी कुठं गेला?"

भारतात असा पक्षी नाही, एवढंच मी म्हणालो. "आता न्हाई, का कधीच नव्हता?" तू विचारलंस. मी पोरांना रांगेत उभं केलं आणि वर्ग परत नेला. वाटेत एका मुलीनं मला विचारलं, की अंड्यावर नर बसतो, मादी नाही, आणि दोन महिने तो काही खात नाही, हे खरं का. मी म्हणालो खरं आहे. हे तिला माझ्याकडून नाही, तुझ्याकडून कळलं होतं. मी ते वाचलं होतं. तू ते पाहिलं होतंस.

दोनेक वर्षांत इमूचं तेल आणि अंडी घेणारे यायचे बंद झाले. व्यापाऱ्यानं एक दिवस जाळीचं फाटक उघडून दिलं आणि तो निघून गेला. पक्षी रस्त्यावर आले. कुत्री मागं लागली, एक पक्षी ट्रकखाली गेला. मी शाळेतून दोन शिक्षक आणि व्हॉलीबॉलची जाळी घेऊन पळत आलो. आम्ही जेवढं धावलो तेवढे ते लांब गेले. तेवढ्यात तू आलीस. स्टीलचा तांब्या उन्हात चमकवत तू त्यांच्यासमोरून चालत गेलीस आणि पाठ करून तशीच वाडीच्या वाटेला लागलीस. एकदाही मागं वळून बघितलं नाहीस. नऊ पक्षी रांगेनं तुझ्यामागं आले. आमची जाळी बाभळीत अडकून राहिली. संध्याकाळी गावात जो तो तेच सांगत होता. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, त्यात विशेष काही नाही, इमूची जातच कुतूहल असलेली. ती म्हणाली, मग तुम्ही का नाही तांब्या घेतला.

त्या नऊतले सात लोकांनी नेले. दोन तुझ्या वाड्यात मेंढरांबरोबर राहिले. आणि त्यांच्यामुळं पुढचं सगळं घडलं.

तू शाळेत आलीस तेव्हा दुपारची सुटी होती. पदराच्या गाठीतून तू चार चकत्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्यास. पिवळसर पांढऱ्या, नखाएवढ्या, किंचित बाकदार. ओढा पूर्णेला मिळतो त्याच्या वर एक घळ आहे, तिथं काळ्या मातीच्या खाली पिवळी माती उघडी पडते, तिच्यात सापडल्या म्हणालीस. मग दुसऱ्या गाठीतून इमूच्या फुटक्या अंड्याचं हिरवं टरफल काढून शेजारी ठेवलंस, आणि पिशवीतून इमूचं एक अख्खं अंडं.

"हे अंड्याचं हाय," तू चकतीवर बोट ठेवून म्हणालीस. "बारीक भोकं बघ. पण इमूचं न्हाई. इमूचं हिरवं असतंय, आन् ह्याच्याहून पातळ. आणि हे बघ." तू चकती इमूच्या अख्ख्या अंड्याच्या पोटावर ठेवून दाखवलीस. ती नीट बसत नव्हती, कडा उचललेल्या राहत होत्या. "ह्याचं वळण कमी हाय. म्हंजे अंडं ह्याच्यापेक्षा मोठं. पक्षी बी मोठा."

मी हसलो, अक्का. शिक्षकांच्या खोलीत बाकीचे दोघं होते म्हणून जरा मोठ्यानं हसलो. शिंपला असेल, नाहीतर चुनखडी, असं म्हणालो. एवढं मोठं अंडं फक्त शहामृगाचं आणि शहामृग आफ्रिकेत असतं, पुस्तकात बघ. तू म्हणालीस, "पुस्तक लिवणारा ह्या घळीत आलता का?" आणि चकत्या तिथंच ठेवून गेलीस. तुला त्या ठेवून जायच्या होत्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडं पुस्तकं होती. खरं काय ते मी शोधून सांगीन असा तुझा विश्वास होता.

मी शोधलंही. भिंगाखाली भोकं बघितली, जाडी मोजली, मोठ्या ग्रंथालयात पत्र टाकून माहिती मागवली. महिनाभरात मला कळलं की शहामृग कधीकाळी आशियातही होतं, भारतातही होतं आणि त्याच्या अंड्यांची टरफलं आपल्याकडच्या नद्यांच्या काठाला सापडतात, हजारो वर्षांपूर्वीची. ज्या प्रश्नापुढं मी पोरांना रांगेत उभं करून पळून गेलो, त्याचं उत्तर तू पदरात बांधून आणलं होतंस. आणि मी ते काडेपेटीत घालून कपाटात ठेवलं. दोन वर्षं ठेवलं. तू मधेमधे विचारायचीस, काय कळालं का. मी म्हणायचो, बघतोय. दुसऱ्या कुणाला सापडलं असतं तर मी त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राला कळवलं असतं.

मग पुण्याच्या बाजूनं त्या संशोधक मॅडम आल्या. पूर्णेच्या काठानं जुनी हाडं शोधत त्या जिंतूरला उतरल्या होत्या. भूगोलाचा शिक्षक म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडं पाठवलं. मी काडेपेटी उघडली. चकती हातात घेऊन त्या खाली बसल्या, खुर्ची न बघता, फरशीवरच. "कुणाला सापडल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मला."

एवढा एकच शब्द. तो तोंडातून गेला तेव्हा मला लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं.

अडचण एकच होती, मला घळ माहीत नव्हती. त्या दिवशी दुपारी मी तुझ्याकडं आलो आणि जागा विचारली. तू कारण विचारलं नाहीस. हातानं वळणं दाखवत सांगितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना आणि त्यांच्या दोघा विद्यार्थिनींना घेऊन गेलो आणि भलत्याच घळीत उतरलो. अर्धा तास मी तिथं दगड उलटत होतो. वर दरडीवर तुझी मेंढरं चरत होती. तू आमच्याकडं बघत उभी होतीस. शेवटी वरून तुझा आवाज आला, "गुरुजी, खालच्या घळीत."

मॅडमनी वर बघितलं. त्या चढून तुझ्याकडं आल्या, मी मागोमाग. त्यांनी तुला विचारलं, तुम्हाला ही जागा कशी ठाऊक. तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. म्हणालीस, "मी नुसती मेंढरं राखते, बाई. हे काय असतंय ते गुरुजींनीच दाखवलं मला."

अक्का, त्या वाक्याबद्दल मी तुझे उपकार मानायला हवे होते. मला राग आला. चकत्या तुझ्या, नजर तुझी, वर मोठेपणाही तुझाच. माझ्या वाट्याला तू काहीच राहू दिलं नाहीस, असं मला वाटलं. आणि तरी मी ते घेतलं.

शाळेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, केंद्रप्रमुखांचं भाषण. मॅडमच्या अहवालात माझं नाव आलं, तो कागद मी चौकट करून लावला. तू मागच्या सतरंजीवर बायांत बसली होतीस. पेढा घेताना तू म्हणालीस, "चांगलं झालं गुरुजी." मी तुझ्या चेहऱ्यात काहीतरी खोट शोधली. सापडली असती तर बरं झालं असतं.

मॅडम नंतर दरवर्षी यायला लागल्या. पहिल्या वर्षी त्या माझ्या घरी उतरल्या. दुसऱ्या वर्षापासून तुझ्याकडं. तुझ्याबरोबर त्या चार चार तास घळीत फिरायच्या, तुझी भाकरी खायच्या. मी शाळा सुटल्यावर सायकल हाणत यायचो तोवर तुमचं दिवसाचं बोलणं होऊन गेलेलं असायचं. एकदा तुम्हाला एक टरफल सापडलं, मधोमध भोक पाडलेलं. मणी. कुण्या जुन्या बाईनं नाहीतर बाप्यानं दोऱ्यात ओवायला घासून गोल केलेला. मॅडमनी तो तुझ्या तळव्यावर ठेवला आणि तुम्ही दोघी त्यावर वाकलात. मी दरडीवर उभा होतो. मला खाली उतरावंसं वाटेना.

आपला खरा वाद त्याच दिवशी सुरू झाला. झाडाखाली शिदोरी सोडली होती. मी मॅडमना ऐकू जाईल असं माझं नेहमीचं सांगायला लागलो, की खंड फुटले, पक्षी आपापल्या तुकड्यावर बसून गेले. तू भाकरी मोडत म्हणालीस, की मला ते पटत न्हाई. पंख तर हायेत त्यांना, उडायचंच नव्हतं तर पंख आले कुठून. आधी उडत आले असतील, चांगलं रान बघून उतरले आन् तिथंच राहिले. "गावातली कोंबडी भिंतीवर चढती, कारण खाली कुत्रं हाय," तू म्हणालीस. "जिथं कुणी मागं लागत न्हाई तिथं उडायचं कशाला?"

मी म्हणालो, एका ठिकाणी तसं झालं हे मान्य करू. पण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, न्यूझीलंडात, सगळीकडं वेगवेगळ्या पक्ष्यांनी आपापलं उडणं सोडलं आणि सगळे सारखेच झाले, हे कसं शक्य आहे?

"पाच गावात पाच आळशी असतात का न्हाई," तू म्हणालीस. "त्यांनी काय एकमेकाला पत्र टाकलेलं असतंय?"

मॅडमना ठसका लागला एवढ्या त्या हसल्या. मग म्हणाल्या, ह्यावर अजून वाद आहे, गुरुजींचं जुन्या पुस्तकांना धरून आहे, अक्कांचं म्हणणंही काही लोक म्हणायला लागलेत. तेव्हापासून दर भेटीत आपण तेच भांडलो. पोळ्याला, रुख्मिणच्या लग्नात, दवाखान्याच्या रांगेत. तुझा पाच आळशांचा दाखला मी कधी खोडू शकलो नाही. फक्त आवाज वाढवला.

ह्या हिवाळ्यात तुला दम लागायला लागला. तू मेंढरामागं जायची थांबलीस, ह्याचंच मला नवल वाटलं. त्याच सुमाराला मॅडमचं पाकीट आलं. आत छापील लेख होता आणि वर चिठ्ठी, "अक्कांना वाचून दाखवा." मी तो शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. मग पिशवीत घालून ओढा ओलांडून तुझ्याकडं आलो. तू अंगणात बाजेवर उन्हाला पडली होतीस. रुख्मिण चुलीपाशी होती. तू पिशवीकडं बघून विचारलंस, "मॅडमनं काय पाठवलं का?"

मी म्हणालो, "काही नाही. जुनंच आहे."

तू बरं म्हणालीस. मग स्वतःच बोलायला लागलीस. तुला अलीकडं एकच गोष्ट खटकत होती, ती ही की आपल्याकडचं शहामृग संपलं कशानं. मी सांगितलं, हवामान बदललं, पाऊस बदलला, गवताळ रान गेलं. तू नाही म्हणून मान हलवलीस. दुष्काळात जनावर मरायच्या आधी निघून जातंय, म्हणालीस, मी जन्मभर बघितलंय. ते निघून गेलं असतं तर दुसरीकडं कुठं तरी आपलंच राहिलं असतं. "त्याची अंडी नेली असतील माणसानं. एका अंड्यावर सगळं घर जेवतंय, वर टरफलात पाणी ठेवता येतंय, मणी होत्यात. कोण सोडील? मोठं शहामृग कुणाला भीत नसंल, पर अंडं काय करील?" एवढं बोलून तू दमलीस. मी म्हणालो, ह्याला पुरावा नाही. तू म्हणालीस, "मी कुठं म्हणते हाय म्हणून. मला आपलं वाटतंय."

लेख पिशवीतच राहिला. चार दिवसांनी सकाळी मेंढरांच्या वाड्याचं कवाड उघडताना तू खाली बसलीस, ती उठली नाहीस.

दहाव्याला बुवा बोलले, सरपंच बोलले, मग मला उभं केलं. मी तुझ्या चांगुलपणाबद्दल चार शब्द लिहून नेले होते. कागद उघडला आणि वाचवेना. मॅडम बायांत मागं बसल्या होत्या. मी म्हणालो की घळीतली टरफलं मला सापडली नव्हती, अक्काला सापडली होती. शहामृगाची आहेत हे तिनं इमूच्या अंड्यावर ठेवून आधी ओळखलं होतं आणि मी हसलो होतो. सत्कार तिचा होता, तो मी घेतला.

मला वाटलं गलका होईल. तसं काही झालं नाही. मी खाली बसलो तर रुख्मिण पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, "मामा, आमाला ठाव होतं. सगळ्या वाडीला ठाव होतं. मॅडमना बी. आईनंच बजावलं होतं, कुणी बोलायचं न्हाई म्हणून. म्हणली, त्याला एवढं तरी राहू द्या."

सगळी वाडी. इतकी वर्षं. माझ्याशी रोज रामराम करणारी माणसं, माझ्या भिंतीवरच्या चौकटीखाली बसून चहा पिणारी. तुझ्या एका शब्दाखातर गप्प. आणि ते "एवढं तरी", अक्का. ते मला अजून गिळता आलेलं नाही. मी तुझ्यावर चिडलोय. मेलेल्या बहिणीवर चिडून करायचं काय, हे मला माहीत नाही. तू मला तोंडावर चोर म्हणाली असतीस तर आपण भांडलो असतो, दोन महिने बोललो नसतो आणि मग सगळं सरळ झालं असतं. तू मला सांभाळून घेतलंस. टिटवीच्या अंड्यांपाशी धरलंस तसंच मला धरून ठेवलंस जन्मभर, आणि मी धडपडलो नाही ते तुझ्यामुळं, हे आज कबूल करतोय.

मॅडमना मी सगळं लिहून दिलंय. नव्या अहवालात केवळाबाई असं नाव छापून येणार आहे. ते वाचून मला पुन्हा जळफळायला होणार, हेही मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लेख वाचून दाखवला होता ना अक्कांना?

तो आता वाचून दाखवतो. ऐक. त्यांनी जुन्या हाडांमधून रक्ताची नाती तपासली. मादागास्कर नावाच्या बेटावर एक पक्षी होता, हत्तीपक्षी म्हणतात त्याला, आता नाही. त्याचं सगळ्यांत जवळचं नातं शेजारच्या आफ्रिकेतल्या शहामृगाशी लागत नाही. ते लागतं न्यूझीलंडच्या कोंबडीएवढ्या किवीशी, अख्ख्या समुद्रापलीकडं. आणि न्यूझीलंडमध्येच जो दुसरा प्रचंड पक्षी होता, त्याचं जवळचं नातं अमेरिकेतल्या एका लहान पक्ष्याशी लागतं, जो अजून उडतो. जमिनी फुटल्या त्या क्रमात ही नाती बसत नाहीत. तेव्हा आता पुष्कळांचं म्हणणं असं, की ह्यांचे पूर्वज लहान होते, उडत होते, उडत उडत वेगवेगळ्या देशात उतरले आणि जिथं उतरले तिथं प्रत्येकानं आपापलं उडणं सोडलं. वेगवेगळं. एकमेकाला पत्र न टाकता.

तू बरोबर होतीस. मला हे तू जायच्या चार दिवस आधी कळलं होतं.

आता राहिलं ते आपलं शहामृग कशानं संपलं ते. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही, कुणी हवामान म्हणतं, कुणी माणूस, काम चालू आहे. मी त्यांना तुझं अंड्यांचं म्हणणं सांगितलं, तुझ्या नावानं सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. आता काही वर्षांनी उत्तर येईल, कदाचित मी असताना येईल. मी वाट बघतोय. मनापासून एकच वाटतं, अक्का, की एवढ्या एका गोष्टीत तरी तू चुकलेली निघावीस.